किल्लारी भूकंपोत्तर पुनर्वसन

महाराष्ट्रातील लातूर व उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) या जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या विनाशकारी भूकंपानंतर राज्यशासनाने हाती घेतलेला गावांच्या व घरांच्या पुनर्उभारणीचा कार्यक्रम. तो ‘महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम’ या नावाने ओळखला जातो. स्वतंत्र भारतात नैसर्गिक आपत्तीनंतर एवढ्या मोठ्या प्रमाणावर योजनाबद्ध रीतीने झालेल्या आरंभीच्या पुनर्वसनकार्यांत त्याची गणना होते. उपलब्ध साधनसामग्रीची न्याय्य वाटणी कोणत्या निकषावर करावी आणि आपद्‌ग्रस्तांना त्या निर्णयात कितपत स्थान असावे, हे दोन प्रश्न या कार्यक्रमात ठळकपणे पुढे आले. त्यांची जी उत्तरे शोधण्यात आली, त्यांचा प्रभाव देशातील पुढील काळाच्या आपत्तिनिवारण-धोरणावर पडला.

पूर्वपीठिका : महाराष्ट्राला आपत्तीतील मदतकार्याचा अनुभव मुख्यत्वे दुष्काळाच्या संदर्भात होता. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर ब्रिटिश शासनाने १८८० मध्ये अहवाल देणाऱ्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून दुष्काळ संहिता तयार केल्या. मदतीच्या कामावर येणाऱ्यास काम व मजुरी आणि काम करण्यास असमर्थ असलेल्यास मोफत शिधा, हे त्यांचे सूत्र होते. गरजू कोण, हे ठरविण्यासाठी निराळी चौकशी करावी लागत नसे. जो उन्हात खडी फोडण्यास तयार होई, तो गरजू मानला जाई. १९७२–७३ च्या दुष्काळात हेच सूत्र मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आले. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सु. ५० लाख लोक होते. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून साकारलेली रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर विस्तारली आणि १९७७ च्या अधिनियमाने, जो १९७९ पासून अंमलात आला, मागेल त्याला काम हा कायदेशीर हक्क ठरला.

पूर आणि भूकंप यांसारख्या आकस्मिक आपत्तींत हे सूत्र अपुरे पडते. तेथे मजुरीबरोबरच घर, जमीन, अवजारे व जनावरे यांचीही हानी झालेली असते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुरानंतर पूरग्रस्तांसाठी शहराच्या कडेला वसाहती उभारण्यात आल्या व त्यांच्या सहकारी गृहरचना संस्थाही निघाल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात सु. १८० माणसे मृत्युमुखी पडली आणि परिसरातील घरांची मोठी पडझड झाली. या दोन्ही प्रसंगी मदतीचा आधार ‘किती गमावले’ हा होता. दुष्काळी कामांचा आधार मात्र ‘किती गरज आहे’ हा होता. हे दोन निकष पुष्कळदा भिन्न दिशांनी जातात, कारण ज्याचे पुष्कळ असते त्याचेच पुष्कळ बुडते. किल्लारीच्या पुनर्वसनात या दोन निकषांचा संबंध कसा जुळवावा, हा मुख्य पेच होता.

भूकंप व हानी : तेरणा नदीच्या खोऱ्यातील किल्लारी (ता. औसा, जि. लातूर) या परिसरात १९९२ च्या उत्तरार्धात अनेक लहान धक्के जाणवले होते. तथापि दख्खनचे पठार हे भूकंपदृष्ट्या स्थिर समजले जाई आणि त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मुख्य धक्का बसला. त्याची महत्ता सु. ६·२ ते ६·४ होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून लोक घरात गाढ झोपले होते. त्यामुळे प्राणहानी फार झाली. मृतांची संख्या निरनिराळ्या अंदाजांनुसार ८,००० ते १०,००० असून जखमींची संख्या सु. १६,००० होती. औसा व उमरगा या तालुक्यांना सर्वाधिक झळ पोहोचली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव, चिंचोली, पेठसांगवी इ. गावे जवळजवळ भुईसपाट झाली. घरांची पडझड मात्र राज्याच्या १३ जिल्ह्यांत झाली होती.

महत्तेच्या मानाने हानी एवढी मोठी होण्याचे कारण प्रामुख्याने घरांच्या रचनेत होते. या भागातील परंपरागत घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब व तुळयांचा सांगाडा आणि वर मातीचे जड माळवद. भिंतीच्या आतील व बाहेरील अशा दोन पापुद्र्यांमध्ये बारीक दगड व माती भरलेली असे आणि त्यांना एकत्र बांधणारे आरपार दगड क्वचितच घातलेले असत. धक्क्याने हे पापुद्रे एकमेकांपासून सुटले आणि भिंती आत व बाहेर कोसळल्या. अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला, परंतु ढासळलेल्या दगडमातीखाली माणसे गाडली गेली. याउलट कुडाच्या भिंती व हलके छप्पर असलेल्या झोपड्या पुष्कळ अंशी टिकल्या. उन्हाळ्यात गारवा व चोरांपासून संरक्षण देणारी जाड भिंत ही या भागात सुस्थितीची खूण होती; तीच या रात्री घातक ठरली. त्यामुळे हानी आणि दारिद्र्य ही सर्वत्र सारख्या प्रमाणात आढळत नव्हती. भूमिहीन मजुराचे घर वाचले, तरी ज्याच्या शेतावर तो राबत होता त्याचे कुटुंब नष्ट झाल्याने त्याचा रोजगार बुडाला, असेही घडले. घरांच्या पडझडीवर आधारलेल्या पंचनाम्यात अशा हानीला रकाना नव्हता.

तातडीची मदत : भूकंपानंतर लगेच मुसळधार पाऊस पडला आणि ढिगारे उपसण्याच्या कामात अडथळे आले. सैन्यदल, शासकीय यंत्रणा व स्वयंसेवक यांनी बचावकार्य केले. देशातून व परदेशांतून अन्नधान्य, कपडे, औषधे यांचा ओघ सुरू झाला. मदतीचा हा ओघ रस्त्यालगतच्या व वृत्तपत्रांत नाव झळकलेल्या गावांकडे अधिक वळला, तर आडवाटेच्या गावांना ती उशिरा मिळाली. सर्वच मोठ्या आपत्तींत दिसणारा हा दोष येथेही दिसला. पुढे काही आठवड्यांत पत्र्याचे तात्पुरते निवारे उभारण्यात आले. अनेक कुटुंबांना त्यांत दोन वर्षांहून अधिक काळ काढावा लागला. मराठवाड्यातील उन्हाळ्यात पत्र्याखाली राहणे ही एक स्वतंत्र आपत्तीच होती आणि पक्के घर लवकर मिळावे, या मागणीचा जोर त्यामुळे वाढला. घर कसे असावे, यापेक्षा ते केव्हा मिळेल, याला महत्त्व आले. भूकंपग्रस्त मुलांच्या शिक्षणाचा प्रश्नही निकडीचा होता. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सु. १,२०० मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली.

धोरण व गावांची वर्गवारी : राज्यशासनाने जागतिक बँकेकडे साहाय्य मागितले आणि १९९४ मध्ये २० कोटी डॉलरांहून अधिक रकमेचे कर्ज मंजूर झाले. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम व ब्रिटिश शासन यांनीही तांत्रिक व अन्य साहाय्य केले. हानीच्या तीव्रतेनुसार गावांचे तीन वर्ग पाडण्यात आले. ‘अ’ वर्गात पूर्णतः उद्ध्वस्त झालेली ५२ गावे होती. त्यांचे नव्या जागी स्थलांतर करून सु. २८,००० घरे बांधावयाची होती. ‘ब’ वर्गातील २२ गावे आहे त्याच जागी पुन्हा उभारावयाची होती. ‘क’ वर्गात सु. २,५०० गावे असून त्यांतील सु. १ लाख ९० हजार घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करावयाचे होते. घरांबरोबर रस्ते, पाणीपुरवठा, शाळा, आरोग्यकेंद्रे इत्यादींचाही कार्यक्रमात समावेश होता.

या वर्गवारीचा परिणाम केवळ बांधकामापुरता राहिला नाही. ‘अ’ वर्गातील कुटुंबाला शासनाने किंवा देणगीदार संस्थेने कंत्राटदाराकडून बांधून घेतलेले तयार घर मिळाले. ‘क’ वर्गातील कुटुंबाला रक्कम मिळाली आणि बांधकाम त्याने स्वतः करून घेतले. एकाच भूकंपानंतर, एकाच शासनाखाली व जवळजवळ एकाच काळात पुनर्वसनाच्या दोन भिन्न पद्धती शेजारी शेजारी राबविल्या गेल्या. यामुळे त्यांची तुलना करण्याची दुर्मिळ संधी अभ्यासकांना मिळाली.

घरांच्या वाटपाचा निकष : ‘अ’ वर्गातील गावांत घराचे आकारमान कुटुंबाच्या जमीनधारणेवरून ठरविण्यात आले. भूमिहीन व १ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना २५० चौ. फुटांचे, १ ते ७ हेक्टर जमीन असणाऱ्यांना ४०० चौ. फुटांचे आणि ७ हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांना ७५० चौ. फुटांचे घर, असे प्रमाण होते. या निकषामागे काही व्यवहार्य कारणे होती. ढिगाऱ्याखाली गेलेल्या घरांची मापे विश्वासार्हपणे मिळणे कठीण होते. गावठाणातील घरांच्या नोंदी अपुऱ्या होत्या. शेतजमिनीची नोंद मात्र सातबाऱ्यावर उपलब्ध होती व ती सहजासहजी नाकारता येत नव्हती. मोठ्या शेतकऱ्याला धान्य, अवजारे व जनावरे यांसाठी अधिक जागा लागते, हाही युक्तिवाद होता. शिवाय गावातील वजनदार लोकांचे सहकार्य मिळाल्याखेरीज स्थलांतर शक्य झाले नसते.

न्यायाच्या दृष्टीने पाहता या निकषाला दोन बाजू आहेत. ज्याला पूर्वी पक्के घर नव्हते, त्या भूमिहीनालाही भूकंपरोधक घर मिळाले, ही त्याची जमेची बाजू होय. हानीच्या प्रमाणात भरपाई हे तत्त्व काटेकोरपणे लावले असते, तर झोपडीच्या बदल्यात झोपडीच मिळाली असती. दुसऱ्या बाजूने, सार्वजनिक पैशातून जमीनदाराला भूमिहीनाच्या तिप्पट आकाराचे घर देण्यात आले आणि जुन्या गावातील विषमता नव्या गावाच्या आराखड्यात काँक्रीटने पक्की झाली. जमीन हा निकष स्त्रियांना विशेष प्रतिकूल होता, कारण सातबाऱ्यावर त्यांचे नाव क्वचितच असे. बारा बलुतेदारांपैकी ज्यांची उपजीविका जमिनीवर नव्हे तर कसबावर चाले, त्यांच्या कामाच्या जागेचा विचारही या मोजमापात नव्हता. सुतार, लोहार वा कुंभार याला राहण्याइतकीच काम करण्यासाठीही जागा लागते. परंतु कागदोपत्री तो भूमिहीन म्हणून सर्वांत लहान घराचा धनी ठरला. एकत्र कुटुंबातील विवाहित मुलांना स्वतंत्र कुटुंब मानावे की नाही, हाही प्रश्न गावोगाव वादाचा झाला.

स्थलांतरित गावांची रचना : जुन्या जागा सोडण्याची मागणी पुष्कळ ठिकाणी ग्रामस्थांनीच केली होती. ज्या ढिगाऱ्याखाली आप्त गेले, त्या जागी पुन्हा राहण्याची मनाची तयारी नव्हती आणि लहान धक्के चालूच होते. नदीकाठच्या काळ्या मातीच्या जाड थरावर घरे नकोत, हे तांत्रिक कारणही पुढे करण्यात आले. नव्या गावठाणांसाठी शेतजमिनी संपादन करण्यात आल्या. नवी गावे रुंद व सरळ रस्ते, चौकटीसारखी विभागणी आणि सुटी घरे या नगररचनेच्या पद्धतीने आखली गेली. त्यामुळे गावाचे क्षेत्रफळ जुन्या गावठाणाच्या अनेक पट झाले. जुन्या गावात वाडे, बोळ, पार व चावडी यांच्या भोवती वस्ती दाटलेली असे. स्त्रियांना वाड्याच्या आतल्या चौकात आडोसा मिळे. नव्या गावात घर चारही बाजूंनी उघडे पडले. शेत, विहीर व जुने देऊळ दूर गेले. रस्ते, पाण्याच्या नळवाहिन्या व दिवे यांची लांबी वाढल्यामुळे त्यांच्या देखभालीचा भार ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या उत्पन्नाला पेलवेना.

अनेक गावे देणगीदार संस्था, उद्योगसमूह व वृत्तपत्रे यांनी दत्तक घेतली होती. त्यामुळे गावागावांत घरांचा आराखडा, साहित्य व दर्जा यांत फरक पडला. एका गावाला जे मिळाले ते शेजारच्या गावाला मिळाले नाही. काही आराखडे परंपरेपासून इतके दूर होते, की लोकांनी ते मनापासून स्वीकारले नाहीत. याला अपवादही आढळतात. मलयाळ मनोरमा या वृत्तपत्रसमूहाने बाणेगाव येथे केलेल्या पुनर्वसनासाठी वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी आराखडे केले. सरळ रांगा टाळून घरांचे छोटे पुंजके करणे व त्यांच्यामध्ये सामाईक अंगण ठेवणे, ही त्यांची पद्धत येथे उपयोगी पडली.

दुरुस्ती व मजबुतीकरण : ‘क’ वर्गातील कार्यक्रम विस्ताराने सर्वांत मोठा होता, तरी त्याची प्रसिद्धी कमी झाली. घराच्या हानीची श्रेणी अभियंत्यांनी ठरवावयाची व तिच्यानुसार कुटुंबाला १७,००० किंवा ३४,००० रुपये हप्त्याहप्त्याने द्यावयाचे, अशी योजना होती. येथे जमीनधारणेचा संबंध नव्हता. समान हानीस समान साहाय्य हे तत्त्व होते. कामाचा एक टप्पा पूर्ण झाला, की कनिष्ठ अभियंत्याने पाहणी करावयाची व मग पुढील हप्ता मिळावयाचा. माळवदावरील मातीचा भार कमी करणे, लाकडी सांगाड्याच्या कोपऱ्यांना तिरपे आधार देणे, भिंतीत आरपार दगड बसविणे आणि भिंतींना सर्व बाजूंनी बांधणारा काँक्रीटचा पट्टा घालणे, अशा उपायांची शिफारस होती. गावोगावच्या गवंड्यांना त्यांचे प्रशिक्षण देण्यात आले.

हे तंत्र शास्त्रीयदृष्ट्या योग्य असले, तरी लोकांचा दगडमातीवरील विश्वास पूर्णपणे उडाला होता. ज्या भिंतीने शेजारच्या घरातील माणसे मारली, तीच भिंत काही दगड बसविल्याने सुरक्षित होईल, हे पटणे अवघड होते. बहुसंख्य कुटुंबांनी जुन्या घराचे मजबुतीकरण करण्याऐवजी मिळालेल्या रकमेत शेजारी विटांची व काँक्रीट छताची एक नवी खोली बांधणे पसंत केले. शासनाने प्रारंभीचा आग्रह सोडून या पसंतीला मान्यता दिली. कार्यक्रमाच्या आराखड्यात लोकांच्या मतानुसार बदल झाल्याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय. मात्र या बदलाची किंमतही होती. कुटुंब नव्या खोलीत सुरक्षित झाले, परंतु जुने घर तसेच धोकादायक राहिले व पुष्कळदा वापरातही राहिले.

लोकसहभाग : कार्यक्रमाच्या करारातच लोकसहभागाची अट होती. प्रारंभी शासकीय यंत्रणेत त्याविषयी साशंकता होती. ग्रामसभेचा ठराव घेतला, की सहभाग झाला, अशी समजूत असे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे आपद्‌ग्रस्त गावांचे सर्वेक्षण व लोकसहभागाविषयीचे काही काम सोपविण्यात आले. गावपातळीवर पुनर्वसन समित्या स्थापन झाल्या व त्यांत स्त्रिया आणि मागासवर्गीय यांना प्रतिनिधित्व देण्यात आले. जागेची निवड, गावाचा आराखडा व घराचा नमुना हे विषय या समित्यांपुढे येत. तथापि निविदा, कंत्राटदाराची निवड व खर्च यांवर त्यांचे नियंत्रण नव्हते. ज्या गावात समिती म्हणजे जुन्या पुढाऱ्यांचेच मंडळ होते, तेथे बैठकीला दलित व भूमिहीन कुटुंबे येत. पण बोलत नसत. अशा ठिकाणी सहभागामुळे न्याय वाढला, असे म्हणता येत नाही.

‘क’ वर्गातील गावांत निराळा प्रयोग झाला. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागासाठी सल्लागार नेमण्यात आले. या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ म्हणून स्त्रियांची निवड केली. कोणत्या श्रेणीला किती रक्कम मिळते, पुढील हप्ता कोणत्या कामानंतर मिळतो, सिमेंट व वाळू यांचे प्रमाण काय असावे, भिंतीवर पाणी किती दिवस मारावे, ही माहिती घरोघर पोहोचविणे, तक्रारी अभियंत्याकडे व तहसील कचेरीत मांडणे आणि बांधकामावर लक्ष ठेवणे, ही त्यांची कामे होती. शेकडो स्त्रियांनी हे काम केले. पुरुषांच्या सभेत ज्या स्त्रिया डोक्यावरचा पदर सावरून मागे बसत, त्यांपैकी काही बँकेत व कचेरीत नियमाचा आधार घेऊन प्रश्न विचारू लागल्या. घर बांधताना सर्वाधिक वेळ घरात व घराभोवती असणारी स्त्रीच बांधकामाची खरी निरीक्षक असते, हे साधे निरीक्षण या प्रयोगाच्या मुळाशी होते. कार्यक्रम संपल्यानंतर या मंडळांतून बचतगट, आरोग्य व पाणीपुरवठा यांविषयीची कामे पुढे चालली.

या दोन्ही अनुभवांतून असे दिसते, की सहभागाचा अर्थ बैठकीतील उपस्थिती असा घेतल्यास तो औपचारिक राहतो. नियमांची माहिती, पैशावरील नियंत्रण आणि तक्रार ऐकून घेणारे माणूस, या तीन गोष्टी जेथे उपलब्ध झाल्या, तेथेच सामान्य आपद्‌ग्रस्ताला निर्णयात वाटा मिळाला.

सामाजिक परिणाम : स्थलांतरित गावांची पुढील काळात केलेली पाहणी उद्‌बोधक आहे. अनेक कुटुंबांनी दिलेल्या घराला स्वतःच्या खर्चाने पडव्या, गोठे, स्वयंपाकाची जागा व कुंपणाच्या भिंती जोडल्या. त्यांसाठी जुन्या गावातील दगड व लाकूड वापरण्यात आले. ज्या दगडमातीच्या बांधकामापासून लोकांना दूर न्यावयाचे होते, तेच बांधकाम भूकंपरोधक घराला लागून पुन्हा उभे राहिले. काही ठिकाणी शासनाने दिलेले घर धान्य ठेवण्यासाठी वापरण्यात आले व कुटुंब बाजूच्या पत्र्याच्या खोलीत राहिले. याचे कारण लोकांचे अज्ञान नव्हते, २५० चौ. फुटांत शेतकरी कुटुंबाचा संसार मावत नव्हता आणि घर वाढविण्याची सुरक्षित रीत कोणी शिकविली नव्हती. काही नव्या गावांत समान आकाराची घरे एकत्र आखल्यामुळे भाऊबंदकीच्या व जातीच्या जुन्या आळ्या मोडल्या, परंतु त्यांच्या जागी लहान घरवाल्यांची व मोठ्या घरवाल्यांची वस्ती अशी नवी विभागणी आली. दलित वस्तीचे गावकुसाबाहेरील स्थान बदलले, हा मात्र काही गावांत झालेला इष्ट बदल होय.

पुढील धोरणावरील प्रभाव : या भूकंपानंतर महाराष्ट्रात राज्य व जिल्हा पातळीवर आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे तयार करण्यात आले आणि मंत्रालयात नियंत्रण कक्ष उभा राहिला. २००२ मध्ये सुधारलेल्या भूकंपप्रवणतेच्या नकाशातून पहिला विभाग वगळण्यात आला व लातूर परिसर तिसऱ्या विभागात गेला. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातमध्ये कच्छचा भूकंप झाला, त्यात सु. १३,८०० माणसे दगावली. तेथेही आरंभी उद्‌ध्वस्त गावांचे स्थलांतर करण्याचा विचार होता. तथापि बहुसंख्य गावांनी त्याला विरोध केला. तेव्हा गुजरात शासनाने मालकाने स्वतः घर बांधण्याच्या पद्धतीवर भर दिला. रक्कम बँक खात्यात हप्त्यांनी देणे व प्रत्येक टप्प्यावर तांत्रिक पाहणी करणे, ही ‘क’ वर्गातील पद्धत तेथे पूर्णतः नव्या घरांसाठी वापरण्यात आली. सु. दोन लाख घरे नव्याने उभी राहिली. कच्छ नवनिर्माण अभियानाने गावांच्या समूहांसाठी ‘सेतू’ नावाची माहिती केंद्रे चालविली. लातूर व उस्मानाबाद भागांतील महिला मंडळांच्या कार्यकर्त्याही आपला अनुभव सांगण्यासाठी गुजरातमध्ये गेल्या. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमातील ६१ व्या कलमाने मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. जमीनधारणेवरून करावयाच्या भेदाचा उल्लेख मात्र या कलमात नाही.

मूल्यमापन : अल्पावधीत व एवढ्या मोठ्या प्रमाणावर घरे बांधण्याचे आव्हान राज्यशासनाने पेलले, हे निर्विवाद होय. १९९८ पर्यंत कार्यक्रमाचे बहुतेक काम पूर्ण झाले. बांधलेली घरे मूळ घरांपेक्षा भूकंपाच्या दृष्टीने निश्चितच अधिक सुरक्षित होती. कोणत्याही गटाला घर पूर्णपणे नाकारले गेले नाही, ही गोष्टही दुर्लक्षणीय नाही. उणीव होती ती निकषाच्या निवडीत. ज्या कागदावर मोजणे सोपे, तो कागद न्यायाचे माप ठरला. सातबारा सुवाच्य होता, म्हणून जमीन हे घराचे माप झाले. रोजगार, कसब, स्त्रीचा हक्क व कुटुंबातील माणसांची संख्या यांची तयार नोंद नव्हती, म्हणून ती बाजूला पडली. जेथे नोंद अपुरी असते, तेथे ती लोकांच्या साहाय्याने पूर्ण करणे हे लोकसहभागाचे खरे प्रयोजन होय. ‘क’ वर्गातील कार्यक्रमात काही अंशी हे घडले. ‘अ’ वर्गातील गावांत घाईमुळे व पत्र्याच्या निवाऱ्यांतील हालांमुळे त्याला अवसर मिळाला नाही. दोन्ही वर्गांवर खर्च झालेला निधी सार्वजनिक होता आणि दोन्हींमागील हेतू प्रामाणिक होता; तरीही एका ठिकाणी कुटुंब घराचे लाभार्थी राहिले व दुसऱ्या ठिकाणी ते घराचे बांधकर्ते झाले. किल्लारीच्या पुनर्वसनाचा इतिहास पुढील आपत्तींच्या संदर्भात वारंवार अभ्यासला जातो, तो मुख्यतः या भेदामुळे.